रिपोर्ट नॉर्मल आहे, पण दम लागतो

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी एरंडोलला घरी होतो, वर्क फ्रॉम होम. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर ती गरम लागते, म्हणून सगळे गच्चीवर झोपतात. दोनच्या सुमारास जाग आली आणि लक्षात आलं, श्वास पुरा होत नाहीये. हवा आत जात होती, पण जिथवर पोचायला हवी तिथवर पोचत नव्हती. जांभई अर्ध्यात तुटावी तसं. मोठा श्वास घेतला, तोही अर्धाच. मग आणखी मोठा. पाच मिनिटांत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, छातीत धडधड. आई उठून बसली.

"काय व्हयनं रे?"

"दम लागी ऱ्हायना."

एवढंच बोलता आलं. तिनं खाली जाऊन कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर शोधून आणलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. ९८. आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण आता माझ्याकडे पुरावाही नव्हता.

पुढच्या आठवड्यात जळगावला सगळं झालं. ईसीजी, टू-डी इको, एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड. डॉक्टर भले होते, वेळ देणारे होते. फाइल मिटत म्हणाले, "काही नाही. सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये पुन्हा दम लागला.

नंतरचे तीन आठवडे मी घरीच होतो. लॅपटॉपवर राजीनाम्याचा मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. झोप नव्हती, त्यामुळे वाचणं आणि पाहणं भरपूर झालं. आधी वाचलेली, पाहिलेली मराठीतली काही कामं मी त्या दिवसांत पुन्हा उघडली आणि ती मला वेगळीच दिसली. काही जवळची वाटली, काहींनी घाबरवलं, काहींवर राग आला. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

दम या शब्दाचं काय करायचं?

आधी शरीराचं थोडं. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन कमी पडला की दम लागतो. एरवी श्वासाचा हिशेब मेंदू मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवरून ठेवतो. भीतीनं श्वास जलद आणि खोल झाला की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्तातला आम्लाचा तोल हलतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, मुंग्या येतात, हवा कमी पडतेय असं वाटतं. म्हणून आपण आणखी मोठा श्वास घेतो, आणि तो वायू आणखी कमी होतो. कामावर मी असे लूप रोज बघतो. त्यातून बाहेर पडायची अट लिहायलाच कुणीतरी विसरलेलं असतं.

हे नवंही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल जेकब डा कोस्टा या डॉक्टरनं १८७१ मध्ये लिहून ठेवलंय. धाप, धडधड, छातीत दुखणं, आणि तपासलं तर हृदयाचा ठळक आजार सापडत नाही. म्हणजे दीडशे वर्षं डॉक्टरांना हा माणूस माहीत आहे. तरी प्रत्येक जण आपण पहिलेच आहोत असं समजून ओपीडीत जातो.

आता शब्द. मराठीत दम लागतो. दम खातात, म्हणजे थांबून विसावतात. दम धरतात, म्हणजे धीर धरतात. आणि दम देतात, म्हणजे धमकावतात. श्वास, विसावा, धीर आणि धमकी, चारही कामं एकच शब्द करतो. मला जे होत होतं ते या शब्दात जितकं नीट बसलं तितकं कुठल्याच रिपोर्टमध्ये बसलं नाही. कुणी दम दिलेला नसताना मला दम लागत होता, आणि जो तो सांगत होता, दम धर.

दुसरा शब्द आश्वासन. आपल्याकडे तो निवडणुकीत खर्ची पडला. मूळ धातू मात्र श्वासाचाच. संस्कृतात आश्वासन म्हणजे एखाद्याला पुन्हा मोकळा श्वास घेता येईल असं करणं. विश्वासही त्याच घरातला. डॉक्टरांनी मला माहिती दिली होती आणि ती शंभर टक्के खरी होती. आश्वासन मिळालं नव्हतं.

तेव्हा या लेखापुरती माझी कसोटी साधी आहे. हे काम वाचताना किंवा बघताना, श्वास अडकलेल्या माणसाला श्वास घेता येतो का? समीक्षेची ही कसोटी फार ढोबळ आहे, मान्य. रात्री दोन वाजता माझ्याकडे तेवढीच होती.

'श्वास'मध्ये डोळे आहेत

सुरुवात नावापासून केली. मराठीत श्वास म्हटलं की आठवतो तो संदीप सावंत यांचा २००४ मध्ये आलेला चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आणि भारताकडून ऑस्करला गेलेला. कोकणातला लहान परशुराम, डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करायचं, आणि ऑपरेशन म्हणजे दृष्टी जाणार.

माझ्या आजाराशी याचा संबंध नाही. तरी यावेळी मला त्यातला डॉक्टर वेगळा दिसला. पोराला ऑपरेशनआधी हे सांगितलंच पाहिजे यावर तो ठाम आहे. कसं सांगायचं हे मात्र आजोबांना कळत नाही. चित्रपटाचा सगळा ताण या सांगण्यात आहे. सत्य भयंकर असेल तर ते सांगायला किती माणसं, किती धीर आणि किती वेळ लागतो, हे 'श्वास' नीट दाखवतो. शेवटी आजोबा पोराला हॉस्पिटलबाहेर नेतात, एक दिवस जग बघायला. तो दिवस म्हणजे खरं आश्वासन आहे. ऑपरेशन टळत नाही. पोराचे डोळे भरून घेतले जातात, एवढंच.

आणि सत्य जर 'काही नाही' असं असेल तर? ते सांगायला कुणाला वेळ लागत नाही. दोन शब्द, फाइल बंद. 'काही नाही' हेसुद्धा नीट बसून सांगायची गोष्ट आहे, हे आपल्या कथांना अजून सुचलेलं नाही.

सांगवीकर परत येतो

'कोसला' मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा वाचली, तेव्हा खूप हसलो होतो. खानदेशातून पुण्याला गेलेला पोरगा, हॉस्टेल, मेस, बापाचे पैसे, उधारी. हे सगळं आमचंच होतं. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. कादंबरी १९६३ ची, पण हॉस्टेलच्या खोलीत ती जुनी वाटत नव्हती.

या वेळी वाचताना हसू आलं नाही. या वेळी वाक्यांचा श्वास ऐकू आला. पांडुरंग सांगवीकरचं वाक्य एका दिशेनं निघतं, मध्येच वळतं आणि 'वगैरे'पाशी थांबतं. या 'वगैरे'बद्दल बोलताना त्यातली थट्टा आणि तुच्छता सहसा आधी येते. मला ती दम टाकायची जागा वाटली. पुढे जे बोलायला लागलं असतं ते बोलवत नाही, म्हणून वाक्य तिथं सोडून दिलंय. मी स्टँडअप मीटिंगमध्ये हेच करतो. "थोडं बरं नव्हतं वगैरे." त्या वगैरेच्या आत संपूर्ण रात्र असते.

आणि मग मनीचं मरण येतं. धाकटी बहीण देवीच्या साथीनं जाते. तिथं थट्टेचा मुखवटा गळतो आणि कादंबरी उघडी पडते. मराठी गद्यात शोक इतका कच्चा, इतका न सावरलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. हे वाचताना श्वास अडकतो, पण त्याला कारण असतं, आणि कारण असलं की रडता येतं. रडून झाल्यावर श्वास आपोआप खोल होतो. माझ्या कसोटीवर 'कोसला' तिथं उतरते.

माझी अडचण शेवटाशी आहे. सांगवीकर परत गावाला येतो. माझ्या ड्राफ्टमध्ये राजीनामा पडलेला होता, त्यामुळे हा शेवट मला परवानगीसारखा वाचायचा होता. शहर सोडलं, सुटलो. पण कादंबरी ती परवानगी देत नाही. गावातली शेवटची पानं सुटकेची नाहीतच. बाप तोच, घर तेच, आणि दिवस ढकलणाऱ्या माणसांत आणखी एकाची भर. कोसला म्हणजे किड्यानं स्वतःभोवती विणलेला कोश. तो पुण्यात विणला काय आणि सांगवीत विणला काय. हे वाचून मी मेल पाठवला नाही. डिलीटही केला नाही.

एक तक्रार तरीही राहते. सांगवीकर सगळ्यातून बाहेर पडू शकतो. परीक्षा सुटते, कॉलेज सुटतं. ज्याच्या नावावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे आणि ज्याला सोमवारी साडेदहाला लॉगिन करायचंय, त्याचं 'वगैरे' अजून कुणी लिहिलेलं नाही.

'कासव'चं घर समुद्राकाठी आहे

कासव' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. एप्रिल २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. नैराश्यानं खचलेला, स्वतःला संपवू पाहणारा एक तरुण (आलोक राजवाडे) जानकीला (इरावती हर्षे) वाटेत सापडतो. ती त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी आणते. ती स्वतः त्याच वाटेनं जाऊन आलेली आहे. तिकडे दत्ताभाऊ (डॉ. मोहन आगाशे, जे खरोखरच मानसोपचारतज्ज्ञ आहेत) कासवांची अंडी जपायचं काम करताहेत.

या चित्रपटातली मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट म्हणजे जानकी त्याला खोदून विचारत नाही. नाव काय, घर कुठलं, झालं काय, यासाठी ती त्याच्या मागे लागत नाही. खायला देते, झोपू देते आणि आसपास राहते. आजाराला आधी कारण दाखव, मग सहानुभूती मिळेल, हा आपला जुना नियम 'कासव' मोडतो. मराठी पडद्यावर ही लहान गोष्ट नाही. घरी मी हा चित्रपट आईसोबत पाहिला. ती म्हणाली, "ही बाई त्याले काहीच कसं विचारत नाही?" मग बराच वेळ गप्प होती. त्यानंतर तिनं मला "आता कसं वाटतंय?" हे दर तासाला विचारणं बंद केलं. समीक्षेत अशी नोंद करतात की नाही माहीत नाही, पण मी करतो.

तरीही 'कासव'शी मला भांडायचं आहे. त्यात बरं व्हायला समुद्र आहे. ऐसपैस घर आहे, भाडं कुणी मागत नाही, आणि सांभाळणारी बाई परकी आहे. परकी म्हणूनच ती न विचारता राहू शकते. एरंडोलमध्ये परकं कुणी नाही. मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा, ईसीजी काढणारा मामाच्या वर्गातला. मी गोळ्या घेऊन घरी पोचण्याआधी बातमी पोचते. संध्याकाळी काकू येऊन नजर काढून जाते, आणि जाताना म्हणते, लग्न झालं की सगळं ठीक होईल. आमच्याकडे समुद्र नाही. अंजनी आहे, मे महिन्यात तिला पाणी किती असतं ते विचारू नका. इतक्या सुंदर फ्रेममध्ये बऱ्या होणाऱ्या माणसाकडे पाहताना, आपल्याला बरं व्हायला योग्य लोकेशनच मिळालेलं नाही असं वाटू लागतं.

दुसरं भांडण असं, की आपल्या कलाकृतींना कोसळलेला माणूस लवकर दिसतो. अँग्झायटीवाला बऱ्याचदा कोसळत नाही. तो बग फिक्स करतो, लग्नाला जातो, मठ्ठा पितो, फोटोत हसतो. फक्त दर दोन मिनिटांनी एक श्वास पुरा होतोय का ते तपासत राहतो. त्याच्यात क्लायमॅक्स नाही, म्हणून त्याची गोष्ट होत नाही. मला वाटतं, इथं आपल्या लेखकांना मोठं काम पडलेलं आहे.

बहिणाबाईंनी आधी घाबरवलं

त्याच दिवसांत शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी बहिणाबाईंच्या ओळी टाकल्या. आमच्याकडे हे होतंच. त्या आसोद्याच्या, विद्यापीठाला त्यांचं नाव, शाळेत त्या पाठ. त्यांची बोली लेवा, आमच्या घरची अहिराणी, पण कान दोन्हींना सरावलेला. ओळी श्वासावरच्या होत्या. जगण्याला आणि मरणाला एका श्वासाच्या मापानं मोजणाऱ्या. इतकी वर्षं भिंतीवरच्या सुविचारासारखी वाचलेली ती कविता मी रात्री गच्चीवर वाचली, आणि मला अक्षरशः अटॅक आला. एका श्वासाचं अंतर! आणि माझा तर अर्धाच येतोय!

कवितेनं मला दम दिला होता. दोष कवितेचा नव्हता. वाचणाऱ्याचं शरीर बदललं की कविता बदलते, हे मला त्या रात्री कळलं. पंधरा दिवसांनी तीच पुन्हा वाचली तेव्हा तिच्यात धमकी सापडेना. जी बाई तिशीत विधवा झाली, जिनं जात्यावर आणि शेतात राबताना ही गाणी रचली, तिच्यासाठी श्वास हे रोजच्या वापरातलं माप होतं. शेर, पायली, वीत, तसा श्वास. ती घाबरवत नाही, मोजून दाखवते. जात्यावर बसलेल्या बाईचं गाणं जात्याच्या फेऱ्याबरोबरच चालतं. दळायचं आणि गायचं तर श्वास हळूहळू सोडावा लागतो, तोही लांब. पुण्यातल्या समुपदेशक बाईंनी मला नंतर जे शिकवलं, श्वास घेण्यावर जोर नको, सोडताना लांबव, ते आमच्या आजीला जातं शिकवून गेलं होतं. म्हणून तिला चिंता नव्हत्या असं नाही. खूप होत्या.

त्यांची 'मन' ही कविताही तेव्हाच पुन्हा वाचली. पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुरासारखं मन. या कवितेचं कौतुक उपमांसाठी होतं, ते बरोबरच आहे. मला यावेळी दिसलं ते त्यात काय नाही ते. त्यात उपाय नाही. गुराला बांधून टाका, मन ताब्यात ठेवा, पॉझिटिव्ह राहा, असं काही बहिणाबाई सांगत नाहीत. शेतकरीण आहे, तिला माहीत आहे की गुरं हाकलली तरी परत येतात. आली की पुन्हा उठायचं, पुन्हा हाकलायचं. त्यात गुराचा राग नाही आणि आपलीही लाज नाही. कविता संपते तीसुद्धा देवाशी केलेल्या लाडिक तक्रारीवर, की बाबा रे, असं मन तू घडवलंस तरी कसं. पहिल्या वाचनात मला वाटलं होतं, उत्तर मिळालं नाही. आता वाटतं, ही तक्रार करताना बाई मिस्कील हसते आहे, आणि ते हसू ऐकलं की खांदे जरा खाली येतात.

बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये छापून आली, त्या गेल्यानंतर. मराठीत मनाच्या आजारांवर तेव्हापासून बरंच लिहिलं गेलं, बरंच चांगलं लिहिलं गेलं. पण जीव हा एकच शब्द वापरून शरीर आणि मन एकत्र धरायचं जे त्यांना जमलं, ते आपल्याला अजून जड जातंय. आपण विचारतो, हे शरीराचं आहे की मनाचं? जीव घाबरा होतो, एवढंच खरं उत्तर आहे.

एकचक्रेतला पोरगा

शेवटी गावाची गोष्ट. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे सांगतात. जवळच पद्मालयाच्या जंगलात भीमानं बकासुराला मारलं अशी कथा आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला भीमाचं जातं दाखवायचे आणि आम्ही त्यावर चढायचो. गोष्ट आम्ही भीमाची म्हणून ऐकली.

आदिपर्वातला तो भाग मी त्या मे महिन्यात पहिल्यांदा नीट वाचला. त्यात भीम फार उशिरा येतो. आधी बराच वेळ एक घर आहे, ज्याची राक्षसाकडे माणूस पाठवायची पाळी आली आहे. राक्षस दारात नाही. तो दूर आहे. घरात आहे ते फक्त पाळी आल्याचं भान, आणि त्यानंच सगळे गुदमरलेत. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. भिंतीपलीकडे राहणारी कुंती हे रडणं ऐकते. भीमाला पाठवायच्या आधी ती आत जाते आणि काय झालं ते ऐकून घेते. अँग्झायटीचं याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही: राक्षस समोर नाही आणि पाळी आपली.

आणि याच भागात एक छोटी जागा आहे. घरातलं बोबडं पोरगं गवताची एक काडी उचलतं आणि म्हणतं, मी हिनं राक्षसाला मारतो. सगळे रडत असताना क्षणभर हसतात. राक्षस मेलेला नाही, पाळी टळलेली नाही, पण त्या घरात तेवढ्यापुरता श्वास आलेला आहे. व्यास तिथं थांबले याचं मला फार अप्रूप वाटतं. भीमाच्या गोष्टीत त्या काडीची काही गरज नव्हती.

मला साहित्याकडून भीम नको आहे. भीमाचं काम डॉक्टरांचं, आणि ते करून घ्यावं. दम लागत असेल तर आधी हृदय, फुप्फुसं, रक्त तपासून घ्या, मनाचंच आहे असं स्वतः ठरवू नका. सगळं नॉर्मल आलं तरी तिथं थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदा गच्चीवरूनच लावला होता. साहित्याकडून मला हवी आहे ती गवताची काडी. 'श्वास'मधला तो एक दिवस, मनीच्या पानांवरचं रडणं, न विचारणारी जानकी, देवाशी भांडणारी बहिणाबाई, यांत ती मला सापडली.

जूनमध्ये मी पुण्याला परत आलो. दम अजून लागतो, कमी लागतो. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा नेमका श्वास अडकलेला होता. मी बोलत नव्हतो आणि तीही काही विचारत नव्हती. फोन चालू ठेवून ती तिकडे भाकरी थापत राहिली. थाप, थाप, थाप. दोन-तीन भाकरी झाल्या असतील. मग म्हणाली, "व्हयनं का?"

म्हटलं, "व्हयनं."